चांदी-जर्मेनियमचे थर : उष्णता अडवण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जुलै २०२४

आजपासून वही सुरू. काम थोडक्यात असं: चांदी आणि जर्मेनियमचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आळीपाळीने एकमेकांवर चढवायचे, थरांच्या आरपार जाणारी उष्णता किती अडते ते मोजायचं, आणि त्याच दिशेने वीज किती जाते तेही मोजायचं. दुसरा भाग सरांनी अट म्हणून घातला आहे. "उष्णतेचा आकडा एकटा आणलास तर मी सही करणार नाही," असं ते पहिल्याच बैठकीत म्हणाले.

विषय डोक्यात बसला तो नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमुळे. तिथल्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये भट्टीचं दार उघडलं की चार हात लांब उभं राहूनही चेहरा भाजतो. ही सगळी उष्णता वाया जाते. १८२१ मध्ये सीबेकने पाहिलं की दोन वेगळ्या धातूंचं वेटोळं करून एक सांधा तापवला, तर शेजारची होकायंत्राची सुई हलते. तापमानातल्या फरकातून सरळ वीज, मध्ये फिरणारा भाग एकही नाही. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर, सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोड्यांवर चालतात. मग भट्टीच्या धुराड्यावर हे का बसत नाही? कारण कार्यक्षमता. ती झेडटी नावाच्या एका आकड्यावर ठरते: सीबेक गुणांकाचा (तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे किती व्होल्टेज मिळतो त्याचा) वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. खोलीच्या तापमानाला १९५० च्या दशकापासून वापरात असलेलं बिस्मथ टेल्युराइड साधारण १ पर्यंत पोहोचतं.

त्या भागाकारातला छेद, म्हणजे उष्णतावाहकता, हे आमचं क्षेत्र.

८ जुलै

व्हॅक्यूम चेंबर आलं, म्हणजे हवा काढून घेऊन आत पदार्थाची वाफ करायची आणि तिचे थर चढवायचे ते यंत्र. अंबडच्या एका मेटलायझिंग युनिटने बदलायला काढलेलं आहे. त्यात गाड्यांच्या दिव्यांच्या रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियम चढवत. रोटरी पंप, डिफ्यूजन पंप, काचेची मोठी घंटा, दाब मोजायची पिरानी आणि पेनिंग गेज. घंटेच्या आतून वर्षानुवर्षांचं ॲल्युमिनियम पापुद्र्यासारखं सुटत होतं. तिथले काका, ज्यांनी हे यंत्र इतकी वर्षं चालवलं, ते स्वतः बसवून द्यायला आले आणि जाता जाता सगळे ओ-रिंग बदलायला लावून गेले. "ताई, पंपाला दोष देण्याआधी रबर बघायचं. दहातल्या नऊ वेळा रबरच असतं."

१९ जुलै

गंगापूर रोडवर पावसाची झड आणि आत घंटेच्या काचेवर ओल. दाब खाली यायला भलताच वेळ लागतोय. पाण्याची वाफ भिंतींना चिकटून बसते आणि हळूहळू सुटते. घंटा उघडी ठेवायची वेळ कमीत कमी केली, आत शिरणारी हवा सिलिका जेलमधून घेतली, आणि पंप चालू असताना भिंतींना बाहेरून हीटिंग टेप गुंडाळली. सुधारणा आहे.

वाफेची एवढी धास्ती का, ते इथे लिहून ठेवते. दाब एका मिलिबारच्या दहा लाखाव्या भागावर आला तरी पृष्ठभागावर दर सेकंदाला साधारण एक अणुथर बसेल एवढे रेणू आदळत असतात. आम्ही जर्मेनियम सेकंदाला एखाद-दुसरा ॲंगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) या वेगाने चढवणार, म्हणजे आदळणाऱ्या रेणूंतला लहानसा हिस्सा चिकटला तरी ऑक्सिजन थरात गाडला जातो. आणि जर्मेनियमचा ऑक्साइड सिलिकॉनच्या ऑक्साइडसारखा टिकाऊ नसतो, तो पाण्यात विरघळतो. पावसाळ्यात नमुने बाहेर काढले की लगेच डेसिकेटरमध्ये.

३० जुलै

आज सरांसमोर धातू-अर्धवाहकाची जोडी कोणती, यावर शेवटची चर्चा झाली. ही नोंद लांबणार आहे, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

अर्धवाहकात उष्णता मुख्यतः फोनॉन वाहतात, म्हणजे अणूंच्या जाळीची कंपनं. धातूत ती इलेक्ट्रॉन वाहतात. उष्णता चांदीतून जर्मेनियममध्ये जाताना वाहणारा बदलतो: चांदीच्या इलेक्ट्रॉननी आपली ऊर्जा आधी चांदीच्या कंपनांना द्यायची, त्या कंपनांनी सीमेपलीकडच्या जर्मेनियमच्या कंपनांना. दोन्ही टप्प्यांत अडथळा आहे. चांदीत इलेक्ट्रॉन आणि कंपनं यांची देवाणघेवाण मुळातच मंद, ही आपल्या फायद्याची गोष्ट.

दुसऱ्या टप्प्याचा अडथळा दोन्ही जाळ्या किती वेगळ्या सुरात कंप पावतात यावर ठरतो. जाड दोर आणि बारीक सुतळी गाठ मारून जोडली आणि दोराला झटका दिला, तर लाट गाठीपाशी येऊन बरीचशी परत फिरते, इथेही तसंच. याचा ढोबळ मापदंड म्हणजे डिबाय तापमान. सोनं साधारण १६५ केल्विन, चांदी २२५, जर्मेनियम ३७४, सिलिकॉन ६४५. सोनं आणि सिलिकॉन यांच्यात जवळपास चौपट फरक आहे, आणि २०१४ मध्ये त्याच जोडीच्या थरांमध्ये ०.३३ वॅट प्रति मीटर-केल्विन एवढी कमी उष्णतावाहकता मोजली गेली. काचेची १ च्या वर असते. नुसत्या स्फटिकी सिलिकॉनची १५० च्या आसपास, आणि सोन्याची ३०० च्या वर! दोन चांगले वाहक एकत्र आणून काचेपेक्षा वाईट वाहक तयार होतो, हे वाचलं तेव्हापासून हा विषय सोडवत नाही.

मग सोनं-सिलिकॉन का नको? सोन्याचा खर्च आहेच. पण खरी अडचण अशी की वितळलेलं सिलिकॉन टंगस्टनच्या बोटीशीच, म्हणजे पदार्थ ज्यात ठेवून तापवतात त्या पन्हाळीशीच, अभिक्रिया करतं. त्याला तापवायला इलेक्ट्रॉन बीम लागते, ती आमच्याकडे नाही. जर्मेनियम ९३८ अंशांना वितळतं आणि साध्या तापवलेल्या बोटीतून उडतं. शिवाय सोनं-सिलिकॉन मिश्रण ३६३ अंशांना वितळायला लागतं आणि सोनं-जर्मेनियम ३६१ ला. भट्टीजवळच्या कामासाठी ही जोडी नाजूक. चांदी-जर्मेनियमचा तोच बिंदू ६५१ अंशांवर आहे आणि दोघांचं संयुग होत नाही. अजून एक जमेची बाजू: चांदी बहुतेक पृष्ठभागांवर पातळ थरात सलग बसत नाही, थेंबाथेंबांची बेटं करते, पण खाली जर्मेनियमचा एखाद-दोन नॅनोमीटरचा थर असला तर ती बरीच सपाट पसरते. आमच्या रचनेत चांदीखाली कायम जर्मेनियमच आहे.

चांदी-जर्मेनियमच्या डिबाय तापमानातला फरक सुमारे १.७ पट, म्हणजे सोनं-सिलिकॉनच्या निम्म्याहून कमी. सरांना हे पटत नव्हतं. मी म्हटलं, सर, सीमेचा अडथळा कमी मिळाला तर सीमा जास्त घालू. ते हसले आणि "घाल" म्हणाले.

१४ ऑगस्ट

पहिला पूर्ण नमुना. प्रत्येक थर १० नॅनोमीटर, म्हणजे आवर्त (चांदी आणि जर्मेनियमची एक जोडी) २०, एकूण जाडी २०० नॅनोमीटर.

पद्धत: दोन बोटी, मध्ये पत्र्याचा आडोसा, वर शटर. जाडी क्वार्ट्झ क्रिस्टलवर मोजतो. वस्तुमान चढलं की त्याची कंपनसंख्या उतरते. काका बघायला आले होते. जर्मेनियमचे खडे पहिल्यांदा वितळताना तडतडून उडतात हे त्यांनी आवाजावरून ओळखलं. "शटर बंद ठेवून आधी याला शांत होऊ द्या, मग उघडा. ॲल्युमिनियमचंही असंच असतं, घाईत ठिपके पडतात." खरंच, वितळून गोळा झाल्यावर त्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि तडतड थांबते, त्यानंतर उघडलेल्या शटरखाली एकही ठिपका नाही.

पहिला जर्मेनियम थर नमुन्याशेजारी ठेवलेल्या काचेच्या साक्षीपट्टीवर फिकट तपकिरी दिसतो. त्यावर चांदी चढताना घंटेतून बघत राहिले: तपकिरीवर आधी निळसर छटा येते, मग अचानक पट्टी आरसा होते. बेटं जुळून सलग थर झाला की परावर्तन बदलतं, ते डोळ्यांना दिसतं. प्रत्येक थराला हा बदल कितव्या नॅनोमीटरला होतो ते मॉनिटरवरून टिपून ठेवलं. ४ च्या आसपास येतोय.

३ सप्टेंबर

पुण्याहून एक्स-रे परावर्तनाचे आलेख आले, थर किती जाड आणि किती नियमित बसलेत ते यांवरून कळतं. एवढ्या आतुरतेने मी परीक्षेच्या निकालाचीही वाट पाहिली नव्हती.

१० नॅनोमीटर आवर्ताच्या नमुन्याचा (५ चांदी, ५ जर्मेनियम) आलेख भिंतीवर लावला आहे. आवर्त नियमित असला की ठरावीक कोनांना शिखरं येतात. आमची पहिली १.२ अंशांजवळ आणि तिसरी २.७ अंशांजवळ. दुसरी १.९ ला यायला हवी, तिथे जेमतेम उंचवटा. आणि तीच आनंदाची गोष्ट आहे. दोन्ही थरांची जाडी अगदी समान असेल तर सम क्रमांकांची शिखरं एकमेकांना खोडून नाहीशी होतात. दुसरं शिखर जितकं लहान तितके थर समसमान. म्हणजे क्रिस्टल मॉनिटरवर आम्ही लावलेला गुणक बरोबर निघाला.

वरच्या कोनांना शिखरं झपाट्याने मावळतात, त्यावरून सीमेचा खडबडीतपणा पाऊण ते एक नॅनोमीटर. आमच्या घंटेकडून यापेक्षा चांगल्याची अपेक्षा नव्हती.

११ सप्टेंबर

गणपतीमुळे प्रयोगशाळा निम्मी रिकामी. मोजमापाचं सर्किट टेबलावर मांडून ठेवलं.

२४ सप्टेंबर

आता मोजणी. थ्री-ओमेगा पद्धत, डेव्हिड केहिल यांनी १९९० मध्ये मांडलेली. नमुन्यावर धातूची एक बारीक रेघ, तीच हीटर आणि तीच थर्मामीटर. तिच्यातून ठरावीक कंपनसंख्येचा प्रत्यावर्ती करंट सोडला की ती दुप्पट कंपनसंख्येने तापते-निवते. तापमानाबरोबर तिचा रोध त्याच दुपटीने हलतो. आणि करंट गुणिले रोध करताना तिप्पट कंपनसंख्येचा एक अगदी क्षीण व्होल्टेज जन्माला येतो. तो मोजला की रेघ किती अंशांनी तापली ते कळतं. मुख्य व्होल्टेजच्या हजाराव्या भागाएवढा तो असतो, म्हणून लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरावीक कंपनसंख्येचाच सिग्नल वेगळा काढून मोजणारं उपकरण), आणि त्याआधी मुख्य व्होल्टेज वजा करणारं ब्रिज सर्किट.

आमच्या नमुन्याला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. नमुना स्वतः वीज वाहतो, म्हणून थरांवर आधी सिलिकॉन मोनॉक्साइडचं इन्सुलेशन, त्यावर ॲल्युमिनियमची रेघ. (रेघ काकांनी चढवली. ॲल्युमिनियमवर त्यांचा हात बसलेला आहे, आणि रेघेच्या आकाराची खाच असलेला मास्क वेफरला, म्हणजे थरांखालच्या सिलिकॉनच्या चकतीला, इतका घट्ट टेकवतात की कडा पसरत नाहीत.) सोबत एक तुलनेचा नमुना, त्यावर थर सोडून बाकी सगळं तेच. दोन्ही रेघांच्या तापमानातला फरक म्हणजे आमच्या थरांचा वाटा.

रेघेच्या रुंदीवर आठवडा गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. पुस्तकी सल्ला असतो बारीक रेघेचा. पण आमच्या थरांत चांदी आहे: आडव्या दिशेने उष्णता चांदीतून सुसाट पळते, उभ्या दिशेने मात्र प्रत्येक सीमेला थांबते. दोन दिशांमधला फरक शंभरपटीपेक्षा जास्त असू शकतो. बारीक रेघ घेतली तर उष्णता बाजूंना पसरते, रेघ कमी तापते, आणि आपण थरांना आहेत त्यापेक्षा चांगले वाहक समजतो. गणित केलं: २०० नॅनोमीटर जाडीला ही पसरण अडीच-तीन मायक्रोमीटर भरते. १० मायक्रोमीटरच्या रेघेला ती पाव भागाची चूक, ६० च्या रेघेला ४-५ टक्के. म्हणून ६०.

मात्र रेघ रुंद केली की वापरण्याजोग्या कंपनसंख्यांचा पट्टा अरुंद होतो. सिलिकॉनमध्ये उष्णतेची लाट ५०० हर्ट्झला सव्वाशे मायक्रोमीटरच्या आत खोल जाते. कंपनसंख्या फार उतरवली तर लाट अर्ध्या मिलिमीटरच्या वेफरच्या तळाला लागते, फार चढवली तर रेघेच्या रुंदीशी बरोबरी करते. आम्ही ४०० ते २००० हर्ट्झ ठरवलं. त्या पट्ट्यात आलेख सरळ रेषा देतो आणि तिच्या उतारावरून सिलिकॉनची वाहकता १४० च्या आसपास निघते. जाडजूड वेफरची माहीत असलेली किंमत बरोबर येतेय, म्हणजे सर्किटवर विश्वास टाकायला हरकत नाही.

१० ऑक्टोबर

दुपारी अचानक वीज गेली. डिफ्यूजन पंपाचं तेल गरम असतानाच रोटरी थांबला आणि घंटेत तेलाची वाफ उलटी आली. चेंबर पूर्ण धुवावं लागलं, त्यातला नमुना गेला. रोटरीच्या तोंडाशी वीज जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवून घेतला आहे.

२२ ऑक्टोबर

आकडे आले. उष्णतावाहकता, वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये: आवर्त ४० नॅनोमीटर, ०.७५. आवर्त २०, ०.५५. आवर्त १०, ०.३६.

आवर्त अर्धा केला की आकडा घसरतो. सामग्री तीच, चांदीचं प्रमाण तेच, एकूण जाडी तीच. वाढल्या त्या फक्त सीमा.

मग प्रत्येक आवर्ताचा रोध काढून जर्मेनियमच्या जाडीसमोर मांडला. तिन्ही बिंदू पट्टी लावल्यासारखे एका रेषेवर. रेषेच्या उतारावरून जर्मेनियमची स्वतःची वाहकता ०.६ निघाली, खोलीच्या तापमानाला चढवलेलं जर्मेनियम अस्फटिकी असतं, त्याला हे शोभतं, कारण स्फटिकी असतं तर ६० च्या घरात यायला हवं होतं. आणि रेषा जिथे अक्षाला छेदते, म्हणजे जर्मेनियमची जाडी शून्य मानली तरी जो रोध उरतो, तो दोन सीमांचा. एका सीमेची वाहकता साधारण १०० मेगावॅट प्रति चौरस मीटर-केल्विन. चांदीचा स्वतःचा वाटा हिशेबात दिसतही नाही.

१०० म्हणजे किती? एक सीमा म्हणजे १४ नॅनोमीटर काच. सीमेला जाडी जवळजवळ नाही, आणि तरी ती स्वतःहून जाड अशा जर्मेनियमच्या थरापेक्षा जास्त अडवते. कापित्झाने १९४१ मध्ये तांबं आणि द्रवरूप हेलियम यांच्या सीमेवर तापमानाची ही उडी पहिल्यांदा मोजली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. घन पदार्थांत तिचा पल्ला मोठा आहे: टायटॅनियम नायट्राइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ७०० पर्यंत, तर बिस्मथ आणि हिऱ्यामध्ये १० च्याही आत. आमची मधली.

सरांनी आलेख शांतपणे पाहिला आणि पेन्सिलीने कोपऱ्यात एकच शब्द लिहिला: "वीज?"

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर आवर्त ६ नॅनोमीटरवर नेला. वरच्या रेषेप्रमाणे ०.२४ यायला हवं. आलं ०.४१, म्हणजे १० च्या नमुन्यापेक्षाही जास्त.

कारण १४ ऑगस्टच्या नोंदीत आहे: चांदी सलग होते ४ नॅनोमीटरला, आणि इथे तिला मिळाले ३. बेटांमधल्या फटींत वरचा आणि खालचा जर्मेनियम एकमेकाला भिडतो, तिथे सीमाच नाही. शिवाय ३ नॅनोमीटरच्या जर्मेनियममधून चांदीची टोकं आरपार टेकत असणार. पुण्याच्या आलेखातही या नमुन्याचं पहिलं शिखर पसरट आणि पुढचं काहीच नाही. आमच्या घंटेसाठी ५-५ ही तळाची मर्यादा. थर आणखी पातळ करून आणखी खाली जाता येईल हा मार्ग इथे संपला.

९ डिसेंबर

वीज मोजण्याआधी कागदावर हिशेब. मला तो सगळ्या प्रकल्पाचा कणा वाटतो, म्हणून सविस्तर.

विडेमन आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये दाखवलं की धातूंमध्ये उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता हातात हात घालून चालतात. आजच्या भाषेत: इलेक्ट्रॉनांनी वाहिलेली उष्णता म्हणजे विद्युतवाहकता गुणिले तापमान गुणिले लोरेंझ स्थिरांक, वॅट-ओहम प्रति केल्विन वर्ग या एककात २.४४ भागिले दहा कोटी. हे ३०० केल्विनला आमच्या ०.३६ मध्ये घातलं. समजा फोनॉन पूर्ण थांबले आणि ही सगळी उष्णता इलेक्ट्रॉननीच वाहिली. तरी विद्युतवाहकता जास्तीत जास्त मीटरला ४९,००० सिमेन्स. हे छत आहे. एखाद्याने या नमुन्याची उष्णता ०.३६ आणि आरपार वीज पाच लाख सिमेन्स सांगितली, तर दोन मोजमापं वेगवेगळ्या दिशांची आहेत असं समजावं. बहुतेक वेळा वीज आडवी मोजलेली असते, कारण ती सोपी; आणि आडवी मोजली की नुसती चांदी दिसते.

याच हिशेबाची दुसरी बाजू: फोनॉनांचा वाटा शून्य झाला तरी झेडटी म्हणजे सीबेक गुणांकाचा वर्ग भागिले लोरेंझ स्थिरांक. तो १ यायला सीबेक १५६ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन हवाच. फोनॉनांचा थोडाही वाटा उरला तर त्याहून जास्त. चांदीचा स्वतःचा सीबेक दीड मायक्रोव्होल्टच्या आसपास आहे. म्हणजे धातूला इथे उष्णता अडवण्याखेरीज दुसरंही काम करावं लागेल: धातू आणि अर्धवाहक यांच्या सीमेवरचा ऊर्जेचा उंबरठा असा असावा की जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन ओलांडतील, कमी ऊर्जेचे मागे राहतील. १९९८ मध्ये महान आणि वुड्स यांनी अनेक थरांच्या थर्मिऑनिक शीतकरणाची (उंबरठा ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांबरोबर उष्णता बाहेर नेण्याची) कल्पना मांडली ती याच जागेवरून. धातू-अर्धवाहक ही जोडी निवडण्याचं खरं कारण हा उंबरठा आहे. सीमेवर उष्णता अडणं ही सोबत मिळणारी गोष्ट.

२ जानेवारी २०२५

सकाळी कडाक्याची थंडी, निफाडकडचे विद्यार्थी स्वेटरवर स्वेटर घालून आले. लॉक-इनचं रीडिंग खोली गरम होईपर्यंत सरकत राहतं, म्हणून अकरानंतरच सुरुवात.

आरपार वीज. नमुन्याखाली जाड चांदीचा तळ, वर चौकोनी पॅड, चार तारांनी मोजणी. पॅड मुद्दाम वेगवेगळ्या आकारांचे ठेवले: क्षेत्रफळ चौपट झालं तर रोध पावपट व्हायला हवा. तसा होतोय, म्हणजे मोजतोय तो थरांचाच रोध आहे, तारांचा किंवा एखाद्या छिद्राचा नाही.

आवर्त १० च्या नमुन्याची आरपार विद्युतवाहकता: मीटरला सुमारे ५ सिमेन्स. छत ४९,००० चं होतं.

बर्फाच्या थाळीपासून हॉटप्लेटवर ६० अंशांपर्यंत नेलं. तापमान वाढलं की रोध घटतो. इलेक्ट्रॉन अस्फटिकी जर्मेनियममधल्या एका सापळ्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, त्याची ही खूण. सीबेक १५६ मिळाला असं धरलं तरी झेडटी दहा हजारांत एक.

म्हणजे जी गोष्ट जर्मेनियमची उष्णता ६० वरून ०.६ वर आणते, ती म्हणजे अस्ताव्यस्त अणुरचना, तीच विजेलाही मारते. ०.३६ हा आकडा खरा आहे, मेहनतीने मिळालेला आहे, पण थर्मोइलेक्ट्रिक म्हणून तो नमुना आज कामाचा नाही. सरांनी घातलेल्या अटीबद्दल मला आज त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटले, आणि मी मानले.

२३ जानेवारी

जर्मेनियमला स्फटिकी करायचा प्रयत्न. एकटं अस्फटिकी जर्मेनियम स्फटिकी व्हायला ४०० अंशांच्या वर जावं लागतं, पण धातूच्या सान्निध्यात ते बरंच आधी होतं. व्हॅक्यूममध्ये १५०, २०० आणि २५० अंशांना तासभर अॅनील केलं, म्हणजे त्या तापमानाला तापवून ठेवलं.

१५० ला काही बदल नाही. २०० ला आरपार रोध निम्म्यावर, उष्णता ०.४२. २५० ला रोध एकदम कोसळला, विद्युतवाहकता हजारपटींनी वर. बरोबरचे विद्यार्थी खूश झाले. मी त्यांना तापमान बदलून रोध बघायला सांगितलं: आता तो तापमानाबरोबर वाढत होता. अर्धवाहकाचा रोध असा वागत नाही. शिवाय पॅड चौपट केला तरी रोध पावपट होत नव्हता. चांदी जर्मेनियमच्या थरांतून आरपार गेली आहे आणि वीज त्या मोजक्या धाग्यांतून धावते आहे. उष्णताही १.९. दोन्ही खुणा एकत्र पाहिल्यावर शंका उरत नाही. नुसता रोध बघून हा नमुना यशस्वी म्हणून जाहीर झाला असता.

२०० चा नमुना मात्र वेगळा आहे. तिथे तापमानाबरोबर रोध घटतोच आहे आणि पॅडचं गणितही जुळतंय. वीज दुप्पट, उष्णता सहाव्या हिश्श्याने जास्त. दिशा बरोबर आहे, पाऊल फार लहान.

१२ फेब्रुवारी

सरांबरोबर दोन तास. पुढचा मार्ग ठरला.

ज्यांच्याकडे अतिशुद्ध व्हॅक्यूम आणि तापवलेल्या सबस्ट्रेटवर (थर ज्यावर चढवतात त्या पायावर) स्पटरिंग, म्हणजे आयनांच्या माऱ्याने पदार्थ उडवून थर चढवायची सोय आहे, ते नायट्राइडच्या जोड्यांकडे गेले आहेत: टायटॅनियम नायट्राइड हा धातू आणि ॲल्युमिनियम-स्कँडियम नायट्राइड हा अर्धवाहक, किंवा हाफनियम नायट्राइड आणि स्कँडियम नायट्राइड. दोन्हींची स्फटिकरचना सैंधवासारखी, अणूंमधली अंतरं जवळजवळ सारखी, म्हणून थर एकमेकांवर स्फटिकी बसतात आणि सीमा अणूएवढ्या धारदार राहतात. वितळणबिंदू इतके उंच की हजार अंशांच्या आसपासही थर मिसळत नाहीत. तिथे उष्णता अडवायला अस्ताव्यस्तपणा लागत नाही. हाफनियम किंवा टंगस्टनसारखे जड अणू मिसळून कंपनं विखुरतात आणि विजेची वाट मोकळी राहते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अशा नायट्राइड थरांवर काम चालतं. उन्हाळ्यात तिथे काही आठवडे जाता येईल का, यासाठी आज अर्ज पाठवला. त्यांच्या नमुन्यांवर आमची ६० मायक्रोमीटरची रेघ आणि वेगवेगळ्या पॅडची पद्धत लावून आरपार उष्णता आणि आरपार वीज एकाच तुकड्यावर मोजायची, असा प्रस्ताव आहे.

नाशिकमध्ये तोवर काय? चांदी-जर्मेनियम सोडत नाही. जर्मेनियममध्ये थोडी अँटिमनी मिसळून ते डोप करायचं, म्हणजे त्याची विद्युतवाहकता वाढवायची, सबस्ट्रेट चढवतानाच १८० अंशांवर ठेवायचा, म्हणजे नंतर अॅनील करताना चांदीला हालायला सवड मिळणार नाही. अँटिमनी जर्मेनियमच्या खूप आधी उडून जाते, म्हणून ती वेगळ्या बोटीतून द्यावी लागेल. तिसरी बोट बसवायला घंटेच्या तळाला आणखी एक फीडथ्रू (वीज आत नेणारी हवाबंद जोडणी) हवा. काका शनिवारी मोजमाप घ्यायला येत आहेत.